ओल्या गोणपाटाखाली

आमच्या म्युझियममध्ये जुनं असं काही नाही, हे लोकांना समजावणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. हिंगोलीच्या बाहेर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये एका ट्रस्टनं ते सुरू केलं. आत आजच्या चित्रकारांची चित्रं आहेत, लोखंडाच्या आणि कापडाच्या रचना आहेत, आणि एका अंधाऱ्या खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर एक माणूस उन्हातून चालत असतो. लोक येतात, तलवारी शोधतात, तोफ कुठं आहे विचारतात. मग "याच्याहून चांगल्या मूर्ती औंढ्याच्या देवळावर हायेत" असं म्हणतात आणि कूलरचं पाणी पिऊन जातात. मी औंढ्याचीच आहे. मी वाद घालत नाही.

माझं पद कार्यक्रम सहायक. मुलांचे चित्रकलेचे वर्ग, शाळांच्या सहली, शिक्षकांच्या कार्यशाळा, बाहेरून आलेल्या कलाकारांची भाषणं. माइक हातात घ्यावा लागू नये म्हणून मी खुर्च्या मांडणं, चहा सांगणं, सतरंज्या झटकणं ही कामं आपणहून घेते. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला घेतलं होतं. कलाकार इंग्रजीत बोलायला लागले की मी त्यांच्या मागं उभी राहून मराठी करून सांगते. दुसऱ्याचं बोलणं असेल तर मला बोलता येतं.

इतर दिवशी मी आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेबरोबर एसटीनं हिंगोलीला जाते आणि तिच्याबरोबर परत येते. रविवारी शिक्षिकेला सुट्टी असते, म्हणून आई माझ्यासोबत येते. मी तिला मम्मी म्हणते, पण लिहिताना आई असंच लिहिलं जातं. ती डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या भिंतीला टेकून बसते आणि कार्यक्रम संपला की उठते. नवीन आलेल्यांना वाटतं ती इथली कामवाली आहे. ती कोणाचा गैरसमज दूर करत नाही.

मला एकटीला पाठवत नाहीत याचं कारण माझी मोठी बहीण. ती काही वर्षांपूर्वी घरी न सांगता लग्न करून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. भावकी जमली, सगळे दिवसभर ओसरीवर बसले, आणि संध्याकाळच्या आत पप्पांनी तिच्या नावानं अंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात तशी, डोक्यावरून. मग आईला करायला लावली, मला करायला लावली. आई न्हाणीतून बाहेर आली आणि केस वाळेपर्यंत अंगणातच उभी राहिली. कोणी तिला आत ये म्हणालं नाही. तेव्हापासून घरात दीदीचं नाव घेत नाहीत. पप्पा तहसीलमध्ये क्लार्क आहेत, आवाज चढवून बोलणारा माणूस नाही. कोणी विचारलं की "एक मुलगी आहे" असं सांगतात आणि लगेच चष्मा काढून पुसायला लागतात.

दीदी पुण्याच्या पलीकडे राहते. तिचे मेसेज मला येतात. हे घरात कोणाला माहीत नाही असं मी धरून चालले होते.

यंदा थंडीत एक मूर्तिकार आमच्या म्युझियममध्ये राहायला आले. मुंबईचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांना गावातल्या बायकांबरोबर काम करायचं होतं. बचत गटांना निरोप गेले, टेम्पो ठरला, आणि हट्टा, साखरा आणि आसपासच्या गावांतून बायका रविवारी यायला लागल्या. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना सगळं म्युझियम फिरवून दाखवलं. चालणाऱ्या माणसाच्या खोलीत त्या थांबल्या.

"कुठं चालला हा?" हट्ट्याच्या आजींनी विचारलं.

"कुठं नाही आजी. चालतच राहतो."

"गाव न्हाई का त्याला?"

"नाही दाखवलेलं."

"बिचारा," म्हणून त्या खाली बसल्या. तो कुठं तरी पोचेल म्हणून चहा येईपर्यंत तिथंच बसून होत्या.

शेडच्या मागच्या भागात सरांनी मातीचा ढीग करून ठेवला होता. कुंभाराकडची माती आणि तळ्यातला काळा गाळ, दोन्ही एकत्र मळलेलं. सर म्हणाले, "तुम्हाला ज्याची आठवण येते असं एक माणूस करा. हातभर उंचीचं. ही माती आहे हे विसरा, तेच माणूस आहे असं समजून करा." मी ते सोपं करून सांगितलं. बायका आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसल्या. पोळ्याचे बैल त्यांनी जन्मभर केले होते, माणूस कोणी केलं नव्हतं. मग हात मातीत गेले आणि बोलणी सुरू झाली.

"तुझ्या सुनेला नाकच न्हाई ओ मावशे."

"नाक असतं तर नांदली नसती का?"

"हे कोण, पोरगं का? किती बारीक केलं त्याला."

"बारीकच झालं ते. पुण्याला मेसचं खाऊन राहिलं."

"माझ्या लेकीचं डोकंच बसंना. सारखं पडून राहिलं."

"जावयानं फिरवलं असंल."

मी हसू दाबून सतरंजीची टोकं सरळ करत होते. मागं वळून पाहिलं तर भिंतीशी डब्याची पिशवी होती आणि आई नव्हती. ती ढिगाजवळ उकिडवी बसून माती घेत होती. एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं. जेवढी घेतली त्यातली थोडी परत ठेवली, जास्त झाली म्हणून.

तिनं काय केलं ते मला पुढच्या रविवारी कळलं. पहिल्या दिवशी नुसती उभी बाई होती. काळी माती वाळली की तडकते, म्हणून सगळ्या मूर्ती एका लांब फळीवर ठेवून वर ओलं गोणपाट टाकत, आणि आठवडाभर वॉचमन त्यावर पाणी मारायचा. दुसऱ्या रविवारी आईनं गोणपाट उचललं, आपली बाई काढली आणि तिचा डावा हात कमरेवर ठेवला. मान जराशी उजवीकडे कलती केली. एवढंच केलं. पण दीदी दारात अशीच उभी राहायची, कोणाची वाट बघताना, कंटाळून. आमच्या गल्लीतल्या कोणालाही दाखवलं असतं तर ओळखलं असतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती मूर्तीच्या पाठीवर वेणी लावत होती, लांब, कमरेपर्यंत, दीदीची होती तशी. मातीचे तीन पेड वळून घातलेली.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "केस तेवढेच हायेत का तिचे?"

शेडमध्ये बायकांचा गलका होता. मी चुकीचं ऐकलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "कापले. खांद्यापर्यंत आहेत."

आईनं अंगठ्याच्या नखानं वेणी मध्येच तोडली. तुटलेला भाग मळून गोळा केला आणि ढिगात टाकला. मग उरलेले पेड हळूहळू उलगडून खांद्यावर मोकळे पसरवले.

"बरं दिसते का?"

"छान दिसतं."

"काहून कापले?"

"तिकडं पाणी जड आहे. गळत होते."

"शिकेकाई न्हाई मिळत का तिथं," ती म्हणाली, मला नाही, मूर्तीला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी असं व्हायचं. येताना एसटीत आम्ही गप्प. घरी गप्प. गोणपाट उचललं की आई विचारायची. बारीक झाली का? अजून उपाशीपोटी चहा पिते का? दात दुखायचा तिचा, काढला का? सासू कशी हाय? मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगायची. माहीत नसलेलं दीदीला आठवड्यात विचारून ठेवायची, का विचारते ते तिला न सांगता. उत्तर मिळालं की आईचा अंगठा मूर्तीवर कुठं तरी फिरायचा. गालाची माती थोडी काढायची. पायात चप्पल दिली. एकदा तिनं विचारलं, "हसते का?" मी म्हणाले, हसते. तेव्हा ओठांना तिनं बराच वेळ काहीच केलं नाही, आणि शेवटी तसेच ठेवले.

सर फेरी मारताना प्रत्येकीला विचारून मूर्तीपुढं एक कागदी पट्टी लावत होते. 'लेक, परभणी.' 'नातू, फौजेत.' 'सासूबाई, वारल्या.' आईसमोर आले तेव्हा ती म्हणाली, "अशीच केली. बाई हाय एक." सरांनी मूर्तीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पट्टीवर 'अनामिका' लिहिलं. आईनं मला विचारलं काय लिहिलं. मी सांगितलं. "असू दे," ती म्हणाली.

शेवटून दुसऱ्या रविवारी सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. मुंबईहून पाहुणे येणार होते, शेवटचा कार्यक्रम मोठा व्हायचा होता. अंगणात सिमेंटचा हौद भरून ठेवायचा होता. सर मराठीतच बोलले, त्यामुळं मला काम नव्हतं. म्हणाले, "पुढच्या रविवारी आपण या सगळ्या मूर्ती पाण्यात सोडणार आहोत. माती मातीत जाईल. मनात धरून ठेवलेलं माणूस आपण मोकळं करणार आहोत. हाच या कामाचा अर्थ आहे."

बायकांनी आपापल्या मूर्तींकडे पाहिलं. मग हट्ट्याच्या आजी म्हणाल्या, "कोणाला सोडायचं?"

"या मूर्तींना."

"सर, हे माझं पोरगं हाय. जितं हाय ते."

"हो आजी, पण शेवटी ही माती आहे."

"माती हाय तर महिनाभर काहून म्हणले, माणूस समजून करा? आमी समजलो."

बाकीच्या बायका एकदम बोलायला लागल्या. "गणपती बुडवतो, तो देव हाय, तो परत येतो. लेकराला कोण बुडवतं?" "माझी लेक पोटुशी हाय, असलं ऐकू बी नये." "जित्या माणसाचं विसर्जन! काही बी काय सांगून राहिले तुमी?" साखऱ्याच्या मावशींनी विचारलं, "सर, तुमी कोणाची केली?"

"वडिलांची."

"हायेत का?"

"नाहीत."

"मग तुमची सोडा की. कोण न्हाई म्हणतं? हिची सासू बी सोडा, ती जिती असताना बी कोणाचं ऐकत नव्हती."

हशा झाला. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मग म्हणाले, "तुमचं खरं आहे. मी हा विचारच केला नव्हता. ज्यांना न्यायची त्यांनी घरी न्या." मला त्या क्षणी ते आवडले.

मी आईकडे पाहिलं. सगळ्यांत आधी तीच सुटकेचा श्वास सोडेल असं मला वाटलं होतं. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

परत येताना एसटीत पहिल्यांदा ती बोलली. "सगळ्या नेतील आता."

"हो."

"आपली?"

बाहेर हळद काढलेली रानं मागं जात होती. आईनं खिडकीची काच ओढून घेतली.

शेवटच्या रविवारी बायका सजून आल्या. कोणी परात आणली होती, कोणी टोपलीत जुन्या लुगड्याची घडी अंथरून आणली होती. एकीच्या नातवानं मोटारसायकलला दुधाचा कॅन बांधून आणला होता, त्यात त्याच्याच बापाची मूर्ती बसवून नेली. मुंबईचे पाहुणे फोटो काढत होते. हौदात सरांनी वडिलांना सोडलं. तिघीचौघींनी आपापली गेलेली माणसं सोडली. सासूची मूर्ती पाण्यात विरघळताना सून हसता हसता रडायला लागली आणि बाकीच्यांनी तिला धरलं. चहा झाला, फराळ झाला. हट्ट्याच्या आजींनी मुलाला काखेत घेतलं आणि जाताना आईला म्हणाल्या, "बाई, तुमची नेत न्हाई का?"

"नेते की," आई म्हणाली.

टेम्पो गेला. फळीवर एकच मूर्ती राहिली. गोणपाट बाजूला पडलं होतं.

सर माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले की तुझ्या आईंनी केलेली मूर्ती सगळ्यांत चांगली आहे, त्यांना नेणं अवघड जात असेल तर आम्ही कायमच्या संग्रहात ठेवू. त्यांनी का अवघड जाईल ते विचारलं नाही. मी आईला सांगितलं.

"कुठं ठेवतील?"

"मागं स्टोअर आहे. एसी असतो. लाकडाच्या पेटीत ठेवतात, खराब होऊ नये म्हणून."

"कोण येतं तिथं?"

"कोणी नाही. कुलूप असतं."

"म्हंजे कोंडून." तिनं मान हलवली. "न्हाई."

"मग मी सांगते पप्पांना. मी केली म्हणून सांगते. कोणाची तरी आहे म्हणून."

"त्यांना कळंल," ती म्हणाली. "उंबऱ्यात पाय ठेवला की कळंल. असाच हात ठेवून उभी राहायची." आणि मग, "त्यांना तकलीफ व्हईल."

एवढ्या दिवसांत पप्पांना कशाची तकलीफ होत असेल हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

हौदाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तांब्याभर पाणी घेतलं आणि मूर्तीवर थोडं थोडं शिंपडत राहिली. माती मऊ पडायला वेळ लागला. आम्ही दोघी फळीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. मग तिनं मोडायला सुरुवात केली. आधी पाय, चपलांसकट. मग कमरेवरचा हात तिनं सरळ केला, खाली सोडला, आणि अंगात दाबला. मी "मम्मी" म्हणाले. तिनं ऐकलं नाही. भाकरीच्या पिठासारखं खालून वर मळत आली. चेहरा शेवटपर्यंत राहिला होता, कणकेच्या उंड्यावर ठेवल्यासारखा. तो तिनं डोळे मिटून तळहातात घेतला.

राहिला तो काळा गोळा. तिनं तो डब्याच्या ओल्या रुमालात बांधला आणि पिशवीत ठेवला.

घरी पप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. पिशवीचं ओझं बघून म्हणाले, "काय आणलं?"

"माती. तुळशीला."

पप्पांनी रुमाल सोडून पाहिला. गोळ्यावर अंगठा दाबला. "चांगली हाय, गाळाची दिसते." ते उठले, खुरपं आणलं, आणि तुळशीच्या कुंडीशी बसून गोळा फोडायला लागले. ढेकळं बारीक करून मुळाशी पसरवली, वरून हात फिरवला. आई दारात उभी राहून बघत होती. "अजून लागंल का?" त्यांनी विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, "तेवढीच होती." आणि भाजी टाकायला आत गेली.

रोज सकाळी पप्पाच तुळशीला पाणी घालतात. आधीपासून घालतात.

सर गेले. त्या फळीला पांढरा रंग दिला गेला आणि पुढच्या रविवारी तिथं शाळेच्या मुलांचे कागदी मुखवटे मांडले. आई नेहमीसारखी माझ्याबरोबर आली, भिंतीला टेकून बसली. त्या आठवड्यात दीदीनं कळवलं होतं की तिनं अक्कलदाढ काढली, गाल सुजला होता, आता बरं आहे. मी ते मनात धरून होते. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम जाऊन आईशेजारी बसले. मुलं ओरडत होती, आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नसतं.

मी वाट पाहिली. आईनं डबा उघडला, माझ्यापुढं पोळी ठेवली, लोणच्याची फोड दिली. तिचे हात स्वच्छ होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पाचची गाडी हाय ना?"

"हो," मी म्हणाले. "पाचची."

दाढेचं मी सांगितलं नाही. तिनं विचारल्याशिवाय कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. रविवार येतात, जातात. आता उन्हाळी शिबिरं सुरू होतील.